ताप काल कुठं जेवला?

सुरंगीत तुम्ही पोचता तेव्हा साल 1976 आहे आणि ऑक्टोबर निम्मा सरलाय. नगर हवेलीतून पोर्तुगीज जाऊन 22 वर्षं झाली, भारतात रीतसर सामील होऊन 15. पाऊस ओसरलाय, भात पिवळं पडलंय, बांधावरच्या गवतानं तुमची पँट गुडघ्यापर्यंत भिजलीय. खांद्यावरच्या कापडी पिशवीत काचपट्ट्या, सुया, स्पिरिटचा बोळा, क्लोरोक्विनच्या गोळ्या आणि एक रजिस्टर. तुम्ही मलेरियावाले. दर पंधरवड्याला दारोदार जायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: घरात कुणाला ताप येऊन गेला का?

हे वर्षच वाईट आहे. 1965 साली देशभरात लाखभर हिवतापाचे रुग्ण होते. रोग गेलाच, असं लोक म्हणायला लागले होते. यंदा आकडा 64 लाखांच्या पुढं जाणार आहे. हे अर्थात तुम्हालाच ठाऊक, कारण तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. तुमच्या साहेबांना अजून कल्पना नाही.

कुडाच्या भिंतीवर डीडीटीचे पांढरे ओघळ सुकलेत. आत, गोधडीखाली, पाच वर्षांची एक पोर हुडहुडतेय. ती वारलीत बोलते. मराठी कानाला ते थोड्या वेळात कळू लागतं.

"माझे दात भांडतायत," ती आजीला सांगते. "त्यांना गप बसव."

आई म्हणते, परवा असंच झालं होतं. काल मात्र खडखडीत बरी होती, बकऱ्यांमागं फिरत होती.

"काल तो आला नाही," गोधडीतून आवाज.

"कोण?"

"ताप."

"मग कुठं गेला होता?" तुम्ही विचारता.

"मला काय विचारतोस? त्यालाच विचार ना, काल कुठं जेवला ते."

आई ओशाळते, तिला दटावते. तुम्ही मात्र मनातल्या मनात टाळी देता. हिवतापाचा व्हायवॅक्स जातीचा परजीवी तांबड्या रक्तपेशीत शिरतो, पेशी आतून खात वाढतो आणि साधारण 48 तासांनी त्याचं अख्खं पीक एकदम फुटून बाहेर पडतं. तेव्हा थंडी वाजते, मग ताप चढतो, मग घाम. मधल्या दिवशी तो गेलेला नसतो, जेवत असतो. तिच्याच घरी. रोनाल्ड रॉसला 1897 साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला, त्यासाठी त्यानं कित्येक डास फाडले होते. या पोरीनं नेमका प्रश्न झोपल्या झोपल्या विचारला. उत्तर सांगायला गेलात तर ती घाबरेल, म्हणून तुम्ही गप्प राहता. शहाणपण करता.

डाव्या हाताचं अनामिकेचं बोट पुसून तुम्ही सुई टोचता. ती रडत नाही, टक लावून पाहते. एक थेंब जाड पसरायचा, दुसरा पातळ, पातळ थर सुकला की त्यावर पेन्सिलीनं नंबर.

"हे परत कधी आणून देणार?"

"काय?"

"माझं रक्त."

सेलवासला नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचंय, असं तुम्ही सांगता. ती विचार करते. "बघून झाल्यावर तर देशील?"

वयाच्या हिशेबानं दोन गोळ्या. क्लोरोक्विन कडूजहर, म्हणून आई त्या चुरून गुळात घालते. पोर तोंडात घेते, थांबते, सगळ्यांकडं आळीपाळीनं बघते आणि जाहीर करते: "गूळ आजारी आहे." आजी पदर तोंडाला लावते. गोळी कशीबशी उतरते, तर पुढचा प्रश्न तयार: पोटात गेलेल्या गोळीला कळणार कसं, की ताप डोक्यात आहे? मग तिची नजर भिंतीकडं जाते. "भिंतीलाही औषध दिलं होतं. तिलाही आला होता का?"

दुपार चढते, तसा ताप चढतो. पोरीनं गोधडी लाथाडलीय. डोळे चमकतायत, गाल तापलेत. आता ती बोलते ते वेगळं आहे. बकरी छपरावर चढलीय, तिला उतरवा. छपरावर काही नाही. थोड्या वेळानं: "वाघ दारात बसलाय." घरातलं हसू तिथल्या तिथं विझतं. वाघबारस जवळ आलीय, वाघदेवाचं नाव इथं कुणी गमतीनं घेत नाही. बाप उठतो. भगताकडं जायचं, सुपात दाणे टाकून बघायचं, असं ठरतंय. तुम्ही नको म्हणत नाही; म्हटलं तर पुढच्या पंधरवड्यात हे दार उघडणार नाही.

पण तुमचं खरं काम आता आहे आणि ते रजिस्टरात कुठं लिहिलेलं नाही. या बरळण्यातलं गमतीचं कुठलं आणि जिवावरचं कुठलं, हे ओळखायचंय. तापात पोरं बरळतातच. फाल्सिपेरम जातीचा हिवताप मेंदूत गेला तरी सुरुवातीला तसंच वाटू शकतं. मग मूल गुंगतं, आईला ओळखत नाही, झटके येतात. तेव्हा पिशवीतल्या गोळ्यांचा भरवसा धरायचा नाही, उचलून दवाखाना गाठायचा.

तुम्ही तिच्याजवळ उकिडवे बसता. "छपरावरची बकरी कुणाची गं?"

ती तुमच्याकडं वळते. "मामाची. आमची नाही चढत. आमची लंगडी आहे."

आई सांगते, खरंच लंगडी आहे. तुमचा जीव भांड्यात पडतो. विचारलेल्याला उत्तर आलं, वर बकऱ्यांचा हिशेबही चुकला नाही. एवढ्यावर निर्धास्त व्हायचं नसतं, म्हणून घाम फुटेपर्यंत तुम्ही ओटीवर बसून राहता. पुढची सात घरं आज राहतात. राहू देत.

बसल्या बसल्या आठवतं: चार वर्षांनी, 1980 मध्ये, बायबेस आणि वॉल्श हे दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मुलांना आजार कसा कळतो याचा अभ्यास छापणार आहेत. सर्दी कशी होते, असं विचारल्यावर अगदी लहान मुलं सूर्याचं किंवा झाडांचं नाव घेतात. जरा मोठी झाली की कुणीतरी जवळ आल्यामुळं झाली, असं सांगतात. त्यांनी याच्या पायऱ्या पाडल्या, त्या उपयोगी आहेत. पण पायऱ्या मांडताना मुलाचं बोलणं कच्चं उत्तर ठरतं, आणि तुम्हाला तेवढंच खटकतं. गूळ आजारी आहे, हे कशाचं कच्चं उत्तर? चव बिघडली आणि घरात आजार आहे, एवढ्या पुराव्यावर याहून चोख निदान होत नाही.

संध्याकाळी गोधडी घामानं ओली होते. पोर पेज मागते.

पंधरवड्यानं तुम्ही पुन्हा येता. काचपट्टीचा निकाल व्हायवॅक्सच निघाला होता, पुढच्या गोळ्याही पोचल्या होत्या. पोर अंगणात आहे. ताप कुठं गेला, असं विचारल्यावर ती बोट दाखवते: "मामाकडं."

मामा खरोखरच खाटेवर कुडकुडतोय. तिचा ताप त्याला गेला, हे हिशेबात बसत नाही. परजीवीला डासाच्या पोटात दहा-बारा दिवस लागतात, मग माणसात किमान तेवढेच. मामाला आधीच, दुसऱ्या कुठल्या डासानं गाठलं असणार. पण हे समजावत बसण्याइतका वेळ नाही. तुम्ही नवी काचपट्टी काढता, बोळा भिजवता. पोर पुढं सरसावून मामाचा हात धरते.

"बोट दे. रडू नको," ती बजावते. "आणि परत मागू नको. हा देत नाही."