रिकोतेचं खोरं : गेलेली माणसं, राहिलेले पाट

आमच्या वेळच्या शाळेच्या पुस्तकांत स्पेन दोनदाच यायचा. एकदा १४९२ मध्ये कोलंबसाबरोबर आणि एकदा १५८८ मध्ये आरमारासकट बुडायला. या दोन सनांच्या पलीकडे त्या देशात काही घडलं असलं तरी ते परीक्षेला नसे, म्हणून वर्गातही नसे. मी तीसेक वर्षं इतिहास शिकवला तो याच हिशोबाने. त्यामुळे धाकटी लेक आणि जावई माद्रिदला असताना, मार्च २०१९ मध्ये, ते मला “बाबा, राजवाडे खूप झाले, आता एक खेडं बघू” म्हणून ज्या खोऱ्यात घेऊन गेले, त्याविषयी चार ओळी लिहाव्यात असं बरेच दिवस मनात होतं. नातवंडांनी फोटो पाहिलेत. फोटोत जे दिसत नाही ते इथे लिहितो.

स्पेनच्या आग्नेय कोपऱ्यात मुर्सिया नावाचा प्रांत आहे. रखरखीत. आमच्या धुळे जिल्ह्याच्या माणसाला घरी आल्यासारखं वाटावं इतका रखरखीत. उघडे बोडके डोंगर, पांढुरकी माती, पाऊस बेताचा. या उजाड मुलखातून सेगुरा नावाची नदी वाहते आणि तिच्या एका टप्प्याला ‘वाये दे रिकोते’ म्हणजे रिकोतेचं खोरं म्हणतात. आबारान, ब्लांका, ओखोस, उलेआ, रिकोते, आर्चेना अशी लहान लहान गावं. आम्ही ब्लांकाला उतरलो होतो. ब्लांका म्हणजे पांढरी. गंमत अशी, की या गावाचं जुनं नाव ‘नेग्रा’ होतं, म्हणजे काळी! गावाच्या डोक्यावर काळसर कातळ आहे, त्यावर पडक्या किल्ल्याच्या भिंती आहेत आणि खाली नदी. डोंगर करडा, आणि नदीच्या दोन्ही अंगांना पट्टाभर लिंबू-संत्र्यांच्या बागा इतक्या हिरव्या, की कुणी रेघ ओढून रंगवल्यासारख्या. रेघेच्या वर एक पानही नाही.

ही रेघ पाण्याची आहे. आमच्याकडे साक्री तालुक्यात पांझरेवर फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. नदीला आडवा दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटावर पाटकरी, आणि प्रत्येकाच्या शेताला ठरलेली पाळी. इथे बघतो तो तेच. बंधाऱ्याला म्हणतात ‘असुद’, पाटाला ‘असेकिया’. दोन्ही शब्द मूळ अरबी. पाट जिथवर जातो तिथवर बाग, पाटाच्या वर माळ. आणि पाटाच्या वरच्या जमिनीलाही पाणी हवं म्हणून रहाट.

आबारानचे रहाट तर मुद्दाम जाऊन पाहावेत असे. सर्वांत मोठा आहे त्याचा व्यास जवळजवळ १२ मीटर, म्हणजे तीन मजली घराहून उंच. युरोपात आजही फिरणारा सर्वांत मोठा रहाट तो हाच, असं तिथले लोक छाती फुगवून सांगतात. कोकणातल्या रहाटाला बैल लागत, याला काहीच लागत नाही. पाटाचं वाहतं पाणीच चाकाला ढकलतं आणि त्यातलंच थोडं चाकाच्या कडेच्या कप्प्यांत भरून वर जातं, वरच्या पाटात ओतलं जातं. ना बैल, ना वीज, ना बिल. मी अर्धा तास तिथेच उभा होतो. लेक म्हणाली, “बाबा, पुढे चला,” पण तो पाण्याचा छपछप आवाज सोडवेना. रहाटाला तिथे ‘नोरिआ’ म्हणतात, तोही अरबी ‘नाऊरा’वरून आलेला. आणि बागेतली ‘नारान्खा’, म्हणजे संत्रं? ते तर आपल्या नारिंगाचंच भावंड. संस्कृतातून फारसीत, फारसीतून अरबीत, तिथून स्पॅनिशमध्ये. साखरेचं ‘असुकार’ही शर्करेवरून त्याच वाटेने गेलं. एवढ्या लांब जाऊन ओळखीचं कुणीतरी भेटावं तसं झालं.

आता ही शब्दांची आणि पाण्याची मांडणी केली कुणी? इथून खरी गोष्ट सुरू होते.

आठव्या शतकात अरब-बर्बर सत्ता आली, तेव्हापासून हे खोरं मुसलमान शेतकऱ्यांचं. १२२८ मध्ये इब्न हूद नावाच्या सरदाराने अलमोहाद सुलतानांविरुद्ध बंड पुकारलं ते रिकोतेच्या गढीवरून. त्याच सुमाराचा इब्न सबीन हा सूफी तत्त्वज्ञही या खोऱ्यातला. सम्राट दुसरा फ्रेडरिक याने तत्त्वज्ञानाचे प्रश्न विचारून पाठवले, त्यांची उत्तरं याने दिली असं सांगतात. पुढे तो मक्केला गेला आणि तिथेच वारला. १२४३ मध्ये मुर्सियाने कॅस्टिलच्या राजाचं मांडलिकत्व पत्करलं आणि १२८५ मध्ये खोरं सांतियागो या लढवय्या ख्रिस्ती पंथाला दिलं गेलं. मालक बदलले, कुळं तीच राहिली. शेती त्यांनाच येत होती ना! मशिदीही राहिल्या. असं दोनशेहून अधिक वर्षं चाललं.

मग १५०१-०२ च्या सुमारास फर्मान आलं : बाप्तिस्मा घ्या. त्यांनी घेतला. नावं बदलली, मशिदींच्या जागी चर्च आली. अशा बाटलेल्या मुसलमानांना ‘मोरिस्को’ म्हणत. पुढच्या शंभर वर्षांत चार-पाच पिढ्या ख्रिस्ती म्हणूनच जन्मल्या आणि पुरल्या गेल्या. भाषा कॅस्टिलियन. पण १६०९ मध्ये तिसऱ्या फिलिप राजाने साऱ्या मोरिस्कोंना देशाबाहेर काढण्याचा निर्णय घेतला. कारण दिलं ते असं, की हे मनातून अजून मुसलमानच आहेत आणि तुर्कांना फितूर होतील. सुरुवात वालेन्सियापासून झाली. साऱ्या स्पेनमधून सुमारे तीन लाख माणसं गेली.

रिकोतेवाल्यांचा नंबर सर्वांत शेवटी लागला, कारण त्यांच्याबद्दल दरबारालाच खात्री नव्हती. १६१२ मध्ये एका डॉमिनिकन साधूला चौकशीला पाठवलं. त्याने साक्षी घेतल्या, पाद्र्यांना विचारलं आणि एकंदरीत कळवलं, की ही माणसं चांगली ख्रिस्ती आहेत. हा अहवाल कागदोपत्री राहिला. आमच्या खात्यात मी असे बरेच अहवाल पाहिले आहेत, म्हणून मला त्याचं नवल वाटलं नाही. ऑक्टोबर १६१३ मध्ये हुकूम सुटलाच. सालाझारचा सरदार अंमलबजावणीला आला. त्या हिवाळ्यात खोऱ्यातली सुमारे अडीच हजार माणसं कार्ताखेना बंदरावर नेऊन जहाजांत भरली. जाताना घर, बाग, पाण्याची पाळी, सगळं इथेच. काही बायकांनी घाईघाईने ‘जुन्या’ ख्रिस्ती पुरुषांशी लग्नं लावून घेतली, कारण तसं केलं तर राहता येत असे. सरदाराला ही पळवाट फार खुपली.

ओखोसला मी एका अरुंद बोळात उभा राहून विचार करत होतो, की असा हुकूम आला तेव्हा डिसेंबरमधली लिंबं झाडावर पिकत आली असतील. ती कुणी उतरवली? इतिहासाच्या पुस्तकात सन असतो, पीक नसतं.

सर्व्हांतेसच्या ‘दोन किखोते’चा दुसरा भाग १६१५ मध्ये आला, म्हणजे शेवटची जहाजं गेल्यावर दोन वर्षांच्या आत. त्याच्या चोपन्नाव्या प्रकरणात सांचो पांझाला वाटेत जर्मन यात्रेकरूंचा घोळका भेटतो आणि त्यातला एकजण त्याला मिठी मारतो. तो त्याच्या गावचा मोरिस्को दुकानदार, वेश बदलून परत आलेला, पुरलेला पैसा काढायला. त्याचं नाव रिकोते! हे नाव लेखकाने सहज घेतलं असेल असं मला तरी वाटत नाही. तेव्हाच्या वाचकाला हे खोरं नक्की आठवलं असणार. दोघं गवतावर बसतात, डुकराच्या तंगडीची हाडं चघळतात, दारू पितात. मुसलमान म्हणून हाकललेला माणूस! रिकोते पैसे देऊ करतो, सांचो मदतीला नकार देतो, पण चुगली करणार नाही असं वचन देतो. सेन्सॉरच्या नजरेसमोर लेखक रिकोतेच्या तोंडून राजाच्या हुकमाचं कौतुकही करवून घेतो. ते खरं कौतुक की तिरकस, यावर विद्वान अजून भांडतात. मी सांचोच्या गप्प राहण्याकडे बघतो. त्या काळात अशा माणसाला पाठीशी घालणं हा गुन्हा होता.

आणि खऱ्या रिकोतेंचं काय झालं? पुष्कळ परत आले. त्याच १६१५ मध्ये सालाझारचा सरदार राजाला तक्रार करतो, की मुर्सियातले हाकललेले लोक बेधडक माघारी येत आहेत. म्हणजे गावोगाव सांचो असणार, पाहूनही न पाहिल्यासारखं करणारे. ट्रेव्हर डॅडसन या इंग्रज अभ्यासकाने ला मांचातल्या एका गावाचे कागद चाळून हेच दाखवलं : तिथले मोरिस्को पुन्हा पुन्हा हाकलले गेले आणि पुन्हा पुन्हा घरी आले. तेव्हा ‘सगळे गेले’ हे वाक्य सरकारी आहे, पूर्ण खरं नाही.

स्पेनने २०१५ मध्ये कायदा केला, की १४९२ मध्ये हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व मिळेल. अर्जांची मुदत २०१९ मध्ये संपली. मोरिस्कोंच्या वंशजांसाठी तसा कायदा झाला नाही. का, हे मी जावयांना विचारलं तर ते म्हणाले, “बाबा, जेवताना नको.” असो.

पाण्याचं भांडण मात्र तिथे आजही जेवताना चालतं. ओखोसजवळ नवा बंधारा आहे. १९७९ पासून ताखो नदीचं पाणी शेकडो किलोमीटरवरून सेगुरात आणतात आणि इथून दोन्ही बाजूंच्या कालव्यांत वाटतात, ते वरच्या प्रांताला मान्य नाही. आपल्याकडे नाशिक-मराठवाडा ऐकलेल्याला वेगळं समजावून सांगायला नको. खाली मुर्सिया शहरात शेतकऱ्यांचं पाणी-पंचमंडळ दर गुरुवारी बसतं, तोंडी सुनावणी आणि लगेच निकाल. युनेस्कोने २००९ मध्ये त्याला वारसा यादीत घेतलं.

कुणी जाणार असाल तर फेब्रुवारी-मार्च गाठा. वरच्या अंगाला सिएसाला पीचच्या बागा तेव्हा गुलाबी फुललेल्या असतात. त्याच गावाच्या डोंगरावर सियासा नावाचं तेराव्या शतकात ओस पडलेलं मुसलमानी गाव उकरून काढलंय. घरांच्या कमानींवरचं चुन्याचं नक्षीकाम खाली संग्रहालयात आहे, ते चुकवू नका. ओखोसच्या पुढे ‘नवरीची उडी’ नावाचा कडा लागेल. दंतकथा नावातच आली, आणि आपल्याकडेही असे कडे कमी नाहीत, तेव्हा तिथे फार वेळ घालवू नका. गुडघे दुखत असतील तर आर्चेनाला रोमन काळापासूनचं गरम पाण्याचं कुंड आहे, पाणी ५० अंशांच्या वर निघतं, अर्थात थंड करून देतात. मी दोनदा बसलो. उन्हाळ्यात मात्र जाऊ नका, पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी दोन ते पाच गावात चिटपाखरू नसतं, चहासुद्धा मिळत नाही. आबारानचा रहाट तेवढा त्या वेळीही बघता येईल, सावलीत आहे.