खुर्चीचं भाडं

सकाळी नाश्ता उरकून हॉटेलातच लॅपटॉप उघडायचा आणि दुपारपर्यंत तिथेच काम करत बसायचं, ही पुण्या-मुंबईच्या कॅफेंनी काढलेली नवी टूम आहे, असं सर्रास समजतात. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत असं दुकान निघालं तर त्याला ‘शहरी थेरं’ म्हणणारेही भेटतील. रीत मात्र जुनी आहे. मुंबईत काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये अरुण कोलटकर वर्षानुवर्षं एका टेबलाशी बसत. बाहेरच्या चौकातले झाडूवाले, भिकारी, कुत्री आणि फुटपाथवरचा इडलीचा नाश्ता २००४ साली त्यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये आला. कवीला कुणी उठवलं नाही, याचं श्रेय आपण मालकाच्या दिलदारपणाला देऊन मोकळे होतो. मला ते पुरेसं वाटत नाही. गिऱ्हाईक निवांत बसतं तेव्हा त्याच्या खुर्चीचं भाडं दुसरं कुणीतरी भरत असतं.

इराण्याचं हॉटेल बघा. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रून मस्का आणि एका चहावर निघणारा तास. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी गोठली, म्हणून जुन्या भाडेकरूला हा तास परवडला. जागेचं मोल चहाच्या गल्ल्याला झेपेना, तेव्हा त्याच कोपऱ्यांवर दुसरे धंदे आले. मुळात इराणीही काही धर्मशाळा चालवत नव्हता. धोबी तलावच्या ‘बस्तानी’ या इराणी हॉटेलातल्या, गिऱ्हाइकाला शिस्त लावणाऱ्या सूचनांवर कवी निसिम इझिकेल यांनी कविता केली, ती उगाच नव्हे. इंडिया कॉफी हाउसची गोष्ट तर याहून उघड आहे. तिसाच्या दशकातल्या मंदीत कॉफीची निर्यात अडली. देशातच गिऱ्हाईक तयार करायचं म्हणून कॉफीवरच्या उपकराच्या पैशातून १९३६ साली चर्चगेटला पहिलं कॉफी हाउस निघालं. म्हणजे लोकांनी तिथे रेंगाळावं, हाच त्या खर्चाचा हेतू होता. पन्नाशीच्या दशकात ही कॉफी हाउसं चालवणाऱ्या कॉफी बोर्डाने हात आखडता घेतला, कामगार रस्त्यावर येऊ लागले. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने १९५७पासून कामगारांच्याच सहकारी संस्था उभ्या राहिल्या. १९५८ अखेरपर्यंत नागपूर आणि पुण्यातही. वाटेकरी मालक नसल्यामुळे तिथे कप स्वस्त राहिला आणि बैठक लांबली.

यावर कुणी म्हणेल, नुसत्या भाड्याने बैठक जमत नाही, आधी आत पाऊल टाकायची मुभा लागते. हा आक्षेप खरा आहे आणि जड आहे. गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळे कप टांगलेले असत. म्हणूनच संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकानं आणि उपाहारगृहांचं नाव घेऊन सर्वांना प्रवेश दिला गेला. बायकांना तर ‘फॅमिली रूम’च्या पडद्याआड बसवत. तेव्हा जुन्या बैठकीचे गोडवे गाताना तिथे कोण नव्हतं तेही सांगावं. पण दार उघडल्यावरही तासाचा खर्च उरतोच.

आता आष्टी. सेवाग्राम ज्या जिल्ह्यात आहे तिथे चहा-कॉफीची वकिली करणं जरा अवघडच. गांधीजींनी ‘आरोग्याची किल्ली’त दोन्ही अनावश्यक ठरवले आहेत. तरी तर्री-पोह्यांवर सकाळ सुरू होणाऱ्या या मुलखात तहसीलच्या आसपासची हॉटेलं अर्धी कचेरीच असतात. सात-बाऱ्याची नक्कल निघेपर्यंत माणूस तिथेच कागद चाळतो. लॅपटॉपवाले गिऱ्हाईक येणार कुठून, ही शंका रास्त आहे. नुसत्या त्यांच्या भरवशावर धंदा उभा राहणार नाही. पण शहराच्या मानाने इथे जागा स्वस्त, म्हणजे खर्चाची सर्वांत मोठी बाजू आधीच हलकी. शिवाय खुर्चीसाठी पैसे मोजायची सवय तालुक्यांना लागलेली आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं अभ्यासिकेत महिन्याची फी भरून जागा धरतात. तिथे ना चहा मिळतो, ना फोनवर बोलता येतं. महिन्याची फी आणि पोह्यांची प्लेट एकाच गल्ल्यावर घेणारा मालक भेटला, तर त्याला दिलदार असण्याची गरजही पडणार नाही.