जकात नाका आणि दिल्लीचा रुपया

पूर्वी कुठल्याही गावात शिरताना एस.टी.च्या खिडकीतून पहिली दिसायची ती जकात नाक्याची टपरी. आडवा बांबू, बाजूला उभा ट्रक, हातात बिलं घेऊन धावणारा क्लीनर. १९९९ साली राज्य सरकारने नगरपालिकांची जकात बंद केली आणि हे दृश्य संपलं. व्यापारी खूश झाले, ट्रकवाले खूश झाले. नाक्यावर जो काही 'व्यवहार' चालायचा तोही थांबला, हे चांगलंच झालं. पण त्या बांबूबरोबर आणखी एक गोष्ट गेली, आणि तिच्याबद्दल तेव्हा फारसं कुणी बोललं नाही. गावाच्या हातात रोजच्या रोज पडणारा, गावाचा स्वतःचा पैसा गेला. बदल्यात सरकारकडून सहायक अनुदान मिळू लागलं. म्हणजे कमावत्या माणसाची नोकरी काढून घ्यायची आणि दरमहा मनीऑर्डर सुरू करायची, तसं.

अंबाजोगाईचा विचार करताना मला हे फार जाणवतं. बाहेरून येणाऱ्या पैशाची या गावाला जुनी सवय आहे. निझामाच्या काळात हे मोमिनाबाद होतं आणि इथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. छावणी म्हटलं की चारा, धान्य, कापड, सराफी, सगळं आलंच. १९०३ साली ही फौज ब्रिटिश लष्करात विलीन झाली आणि तिच्यावर चालणारा तो पैसाही आटला. पुढे १९७४ साली स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि गाव पुन्हा एका मोठ्या सरकारी पगारपत्रकाभोवती फिरू लागलं. मुकुंदराज आणि दासोपंतांचं गाव म्हणून आपण अभिमान बाळगतो, तो बाळगावाच. पण गावाचा जमाखर्च ही वेगळी कथा आहे आणि ती सहसा कुणी लिहीत नाही.

'विकास' हा शब्द आपल्याकडे सरकारी अर्थाने रुळला तो २ ऑक्टोबर १९५२ पासून. त्या दिवशी देशात ५५ ठिकाणी सामूहिक विकास प्रकल्प सुरू झाले. त्यामागे अमेरिकेशी त्याच वर्षी झालेला तांत्रिक सहकार्याचा करार होता, फोर्ड फाउंडेशन होतं. कल्पना मोठी सुंदर होती: लोकांनी गरज सांगायची, श्रम द्यायचे आणि सरकारने हात द्यायचा. पाचच वर्षांत बलवंतराय मेहता समितीने निदान केलं की लोक काही यात उतरले नाहीत, ते काम अधिकाऱ्यांचंच राहिलं. त्यातून पंचायत राज आलं. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या उभ्या राहिल्या. ती योजना कधीच संपली, शब्द मात्र राहिले. अंबाजोगाईच्या पंचायत समितीत आजही 'गटविकास अधिकारी' बसतो. त्यातला 'गट' हा त्या काळच्या ब्लॉकचा.

हे झालं खेड्यांचं. शहरांच्या वाट्याला हा विचार उशिरा आला. १९५८ साली दिल्लीत पहिला प्रयोग झाला, १९६७ साली हैदराबादेत. लहान शहरांकडे केंद्राचं लक्ष गेलं ते १९७९-८० साली, लहान आणि मध्यम शहरांच्या एकात्मिक विकास योजनेत.

पण मला खरी रंजक वाटते ती १ डिसेंबर १९९७ ला सुरू झालेली सुवर्ण जयंती शहरी रोजगार योजना. केंद्राचे ७५ टक्के, राज्याचे २५. तिचा आराखडा आज वाचला तरी आश्चर्य वाटतं. वस्तीतल्या दहा ते चाळीस बायकांनी शेजार गट करायचा, गटांच्या प्रतिनिधींची समिती, आणि समित्या मिळून शहराची सामुदायिक विकास संस्था. वस्तीत काय हवं ते या बायकांनी ठरवायचं. पाच लाखांच्या आतल्या शहरांत बांधकामाची कामं निघतील, पण ठेकेदार नाही. खर्चातले ६० रुपये सामानावर तर ४० मजुरीवर. विचार करा, नगरपालिकेच्या कामात ठेकेदार नाही! हे ज्याने लिहिलं त्याला आपली नगरपालिका ठाऊक नसावी, किंवा फारच चांगली ठाऊक असावी.

झालं काय, तर बहुतेक गावांत त्या संस्था रजिस्टरात राहिल्या. समूह संघटक नावाची एक मुलगी वस्तीवस्तीत फिरायची, दारिद्र्यरेषेची यादी, रेशनकार्ड, बँकेचे अर्ज हे सगळं तिच्याच गळ्यात. बँक मॅनेजर कर्ज द्यायला नाखूश. बायका गटात यायच्या त्या सबसिडीच्या आशेने, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? मग २०१३ साली योजनेचं नाव बदललं, राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं. जुन्या समित्यांच्या जागी वस्तीस्तर संघ आणि शहरस्तर संघ आले. नवे फॉर्म, नवे शिक्के.

खरं तर अंबाजोगाईला बायकांच्या संघटनेचा धडा दिल्लीकडून घ्यायची गरज नव्हती. डॉ. द्वारकादास लोहियांनी १९८२ साली 'मानवलोक' इथेच सुरू केलं आणि शैलाताईंचं मनस्विनीचं काम याच गावात उभं राहिलं. त्यांनाही बाहेरून पैसा लागलाच. फरक एवढाच की तिथे माणसं आधी होती, पैसा नंतर आला.

अमेरिकेतही असंच अनुदान आहे, १९७४ सालापासून. साधारण पन्नास हजारांच्या वरच्या महानगर भागातल्या शहराला केंद्राकडून ठरलेल्या सूत्राने थेट रक्कम मिळते. गटार करा, पाळणाघर करा, पडकी घरं दुरुस्त करा, ठरवायचं शहराने. अट एवढीच की बहुतांश पैसा कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी जावा आणि आधी जाहीर सुनावणी व्हावी. तिथेही वशिले चालतात, तक्रारी होतात. पण लोकसंख्येने अंबाजोगाईही त्या मापात बसते, आणि आपल्याकडे एवढ्या गावाला असं काही ठरवता आलं का, हा प्रश्न मनात येतोच.

आपल्याकडे २००५ साली लहान शहरांसाठी पायाभूत सुविधांची योजना आली: ८० टक्के केंद्र, १० राज्य, उरलेले १० शहराने उभे करायचे. हे दहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. जकात गेलेल्या, घरपट्टी निम्मीअर्धी थकलेल्या नगरपालिकेला विचारा. मग कर्ज काढायचं, आणि योजना पूर्ण झाल्यावर पंपाचं वीजबिल कुणी भरायचं याला अनुदान नसतंच.

थेट सूत्राने पैसा येतो तो वित्त आयोगाचा. दहाव्या आयोगाने देशभरातल्या शहरांसाठी १००० कोटी ठेवले होते. चौदाव्याने २०१५ ते २०२० साठी ८७,१४४ कोटी. वाढ प्रचंड आहे. पण पंधराव्या आयोगाने लहान शहरांच्या पैशातला ६० टक्के हिस्सा २०२१ पासून पाणी आणि स्वच्छतेला बांधून टाकला. मी यावर रागवावं की नाही ते मला ठरवता येत नाही. २०१६ साली धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. लातूरला रेल्वेने पाणी आलं ते जगाने पाहिलं. त्याच धरणावर अवलंबून असलेल्या अंबाजोगाईला रेल्वे नव्हती. अशा गावाला पाण्यावर खर्च कर असं दिल्लीने बजावलं तर त्यात चूक काय? आणि तरी, आपल्याला तहान लागलीय हे दुसऱ्याने सांगावं?

यात गेली काही वर्षं तर 'आपण' म्हणजे कोण हाही प्रश्न होता. आरक्षणाच्या खटल्यांत निवडणुका अडकल्या आणि राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांवर प्रशासक बसले. निधी यायचा, कामं व्हायची, पेव्हर ब्लॉक तर सगळीकडे बसले. भांडायला सभागृह मात्र नव्हतं. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपालिकांच्या निवडणुका एकदाच्या झाल्या.

नगरपालिकेची सभा लोकांना खुली असते, कायदाच आहे तसा. आपण कुणी जात नाही, एवढंच. यंदा अंदाजपत्रकाच्या सभेला मागच्या बाकावर बसायचा माझा विचार आहे. जमेच्या पानावर घरपट्टी-पाणीपट्टीच्या ओळी किती आणि अनुदानाच्या किती, तेवढं वहीत उतरवून आणीन.