धोटा, पोर्टर आणि ‘फॅमिली बॅकग्राउंड’

“आमचे क्षेत्र सगळ्यांसाठी खुले आहे.” हे वाक्य आपल्या पोरापोरींनी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा अर्थ विचारायचेही कुणाच्या मनात येत नाही. सॉफ्टवेअरवाले हेच म्हणतात, वृत्तपत्रवाले हेच म्हणतात, वकिलांचे आणि डॉक्टरांचे संघही हेच म्हणतात. अलीकडे तर त्यात “आम्हाला विविधता हवीच आहे” अशी भरही पडली आहे. मग आत गेल्यावर तीच ती आडनावे का दिसतात, असे विचारले की उत्तर तयार असते. तुमची मुले येतच नाहीत, अर्जच करत नाहीत, त्यांच्यात आत्मविश्वास कमी. म्हणजे दार उघडे आहे आणि दोष आहे तो बाहेर उभे राहणाऱ्याचा!

आम्हाला हे मान्य नाही, आणि त्याचे कारण इतिहासात आहे. या देशात धंद्याची दारे बंद करायला ‘अस्पृश्यांना मनाई’ अशी पाटी लावण्याची गरज बहुतेक वेळा पडलीच नाही. काम करण्याची एखादी साधी, रोजची पद्धतच कुलपाचे काम करत असे. वरवर पाहता त्या पद्धतीचा जातीशी संबंधही दिसत नसे. बाबासाहेबांनी आयुष्याची कित्येक वर्षे ही कुलपे एकेक करून दाखवून देण्यात घालवली. महाड आणि काळाराम आपल्याला तोंडपाठ आहेत. जयंतीच्या भाषणात गिरणी आणि रेल्वे मात्र क्वचितच येते, म्हणून आज तेच सांगतो.

मुंबईच्या कापड गिरण्यांत आपले लोक हजारोंनी होते. पण ते होते सूतकताईच्या खात्यात, कमी पगारावर. विणकामाच्या खात्यात पगार जास्त, आणि तिथे त्यांना प्रवेश नाही. कारण काय? मागावरच्या धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि तिचा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढायचा. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागणार. शेजारच्या मागावर महार असेल तर सवर्ण कामगाराला विटाळ होणार! बस्स, एवढ्यावर एक अख्खे खाते बंद. हे मालकाने लादलेले नव्हते. सोबत घाम गाळणाऱ्या, संपात खांद्याला खांदा लावून उभे राहणाऱ्या कामगारांनीच ते पाळले होते.

१९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. अस्पृश्य कामगारांचा विणकाम खात्यात काम करण्याचा हक्क मागण्यांमध्ये घ्या, नाहीतर आमचे लोक संपात राहणार नाहीत. पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती मागणी घेतली. मालकांसमोर मागण्या गेल्या तेव्हा मालकांनी त्यांनाच टोला हाणला की हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. मालकाच्या तोंडून निघाले तरी वाक्य खरे होते. वर्गाची एकजूट सांगणाऱ्या युनियनला आपल्याच खात्यातली जात दिसत नव्हती. अजूनही काही मित्र ‘आधी वर्ग, मग जात’ असे सांगतात, त्यांनी हा धोटा एकदा हातात धरून पाहावा.

यातली एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. तोंडाने दोरा ओढण्याची ही पद्धत काही निसर्गनियम नव्हती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने रोग पसरतात म्हणून असा धोटा १९११ मध्येच कायद्याने बंद केला होता. हाताने दोरा ओवता येईल असे धोटे जगात उपलब्ध होते. म्हणजे अडचण अवजाराची असती तर अवजार बदलून ती सुटली असती. ते बदलण्याची कुणाला गरज वाटली नाही, कारण त्या पद्धतीमुळे आतल्या लोकांची चांगल्या पगाराची जागा सुरक्षित राहत होती. विटाळ हे निमित्त होते, राखायची होती ती जागा.

दहा वर्षांनी, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला, मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांचे गाजलेले प्रतिपादन याच परिषदेतले. ते आपण पोस्टरवर छापतो. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या नोकऱ्यांची जी चिरफाड केली ती मात्र पोस्टरवर मावत नाही. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून रुळावर राबू शकतो, पण पोर्टर होऊ शकत नाही. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तर आपल्या घरचा गडी म्हणून वापरतो. घरात पाणी भरायचे, स्वयंपाकघरापर्यंत जायचे, तिथे अस्पृश्य कसा चालेल? कारकुनाच्या जागेवर मॅट्रिक न झालेले इतर समाजांचे लोक बसलेले, आणि आपला मॅट्रिक झालेला पोरगा बाहेर. वर्कशॉपमध्ये मेकॅनिकच्या जागेपर्यंत तर कुणी क्वचितच पोहोचलेला.

रेल्वेच्या नियमात स्टेशनमास्तरच्या घरचे पाणी भरणे हे पोर्टरचे काम असेल का? ते नियमाबाहेरचे काम होते. पण नोकरी कुणाला मिळणार हे तेच नियमाबाहेरचे काम ठरवत होते.

बाबासाहेब एवढ्यावर थांबले नाहीत. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या तक्रारींचे सविस्तर निवेदन व्हाइसरॉयला दिले. त्यात फक्त नोकऱ्यांतला वाटा मागितलेला नाही. कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपल्या मुलांचे फार भले होणार नाही, विज्ञान आणि तंत्राचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे, परदेशी शिकायला पाठवले पाहिजे, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारीच्या जागा मिळाल्या पाहिजेत, असे त्यात मांडले आहे. १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. ‘आरक्षणामुळे गुणवत्ता गेली’ म्हणणाऱ्यांना आमचा एकच प्रश्न आहे. मॅट्रिक नापास कारकून बसवून मॅट्रिक पास पोराला हाकलत होते, तेव्हा गुणवत्ता कुठे गेली होती?

आता आपल्या मुलखाकडे या. सिरसाळा, परळी, अख्खा बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. पदवीचे शिक्षण घ्यायचे तर हैदराबाद गाठावे लागे. खेड्यातल्या महार-मांगाच्या पोराला ते स्वप्नातही परवडणारे नव्हते. १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला जे महाविद्यालय काढले तेच आपले मिलिंद. मराठवाडा विद्यापीठ यायला अजून आठ वर्षे होती. मिलिंदने ‘या, दार उघडे आहे’ एवढेच म्हटले असते तर सिरसाळ्याचा पोरगा तिथे पोहोचला असता का? नागसेनवनात वसतिगृह होते, फीची सवलत होती, आणि म. भि. चिटणीसांसारखे प्राचार्य होते, ज्यांनी या पोरांच्या हाती लेखणी दिली, त्यांना रंगमंचावर उभे केले. त्याच वातावरणातून पुढे गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ उभे राहिले. मराठी साहित्य हाही एक बंदिस्त व्यवसायच होता. संपादक त्यांचे, समीक्षक त्यांचे, प्रमाणभाषाही त्यांचीच. अस्मितादर्शने आपल्या लेखकाची भाषा ‘सुधारून’ त्याला आत घेतले नाही, त्याच्याच भाषेला छापण्याजोगी ठरवले. धोटा बदलणे म्हणतात ते हे.

स्वातंत्र्यानंतर पद्धती गेल्या नाहीत, त्यांनी कपडे बदलले. १९९६ मध्ये बी. एन. उन्याल या पत्रकाराने दिल्लीतल्या अधिस्वीकृतीधारक पत्रकारांत एक दलित शोधून पाहिला. एकही सापडला नाही. २०१९ मध्ये ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्री यांनी माध्यमांतल्या वरच्या १२१ पदांची पाहणी केली. १०६ जागी सवर्ण, आणि अनुसूचित जाती-जमातींचा एकही नाही. खासगी कंपन्यांचे पाहा. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता दलित आडनावाला सवर्ण आडनावाच्या जेमतेम दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला त्याहूनही कमी. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांना विचारले, तेव्हा ‘आम्ही फक्त मेरिट बघतो’ म्हणणारे हे लोक उमेदवाराचे ‘फॅमिली बॅकग्राउंड’ आवर्जून बघतात असे दिसले. वडील काय करतात, घरात शिकलेले किती, वाढला कुठे. ऊसतोड्याच्या पोरीने याचे उत्तर काय द्यायचे? कोडिंगशी या प्रश्नाचा तेवढाच संबंध, जेवढा पोर्टरच्या कामाचा स्टेशनमास्तरच्या रांजणाशी. ओळखीच्या माणसाने नाव सुचवायचे आणि त्यालाच बोलवायचे, ही ‘रेफरन्स’ची रीतही त्यातलीच. समुद्र ओलांडूनही ही सवय सुटत नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या कंपन्यांत काम करणाऱ्या ३० दलित महिला अभियंत्यांनी जातीच्या जाचाबद्दल जाहीर निवेदन काढले. नावे मात्र त्यांना गुप्त ठेवावी लागली.

आत पोहोचलेल्या आपल्या माणसाने काय करावे, याचे उत्तर पुण्यात मिळते. १९६० च्या दशकात तिथल्या संरक्षण खात्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या. विरोध केला तो चतुर्थ श्रेणीतल्या दीनाभानांनी, आणि त्यांना निलंबित केले गेले. ते राजस्थानातल्या वाल्मीकी समाजाचे. तिथेच वैज्ञानिक पदावर असलेले कांशीराम त्यांच्या बाजूने उभे राहिले, सुट्ट्या परत मिळवल्या, आणि डी. के. खापर्डे यांच्यासह पुढे बामसेफ उभी राहिली. शिकलेल्या अधिकाऱ्याला वाट दाखवली ती झाडूवाल्याच्या समाजातून आलेल्या कामगाराने. आमच्या मते बामसेफच्या इतिहासातले हे सगळ्यात मोलाचे पान आहे, आणि नेमके तेच आपल्या कर्मचारी संघटनांच्या वार्षिक अधिवेशनांत वाचले जात नाही.

कारण मग पुढचा प्रश्न येतो. आपल्या संघटनांच्या मंचावर बाया किती? मातंग किती, होलार किती, भटके-विमुक्त किती? उपवर्गीकरणाच्या वादात कोण कुठे उभा आहे हा वेगळा विषय आहे, त्यावर स्वतंत्र लिहू. पण ‘आमची संघटना सगळ्यांसाठी खुली आहे, तेच येत नाहीत’ असे आपलाच पदाधिकारी म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडून १९२८ चा गिरणीवाला पुढारी बोलत असतो. आपलाही एखादा धोटा असणार, तो शोधावा लागेल.

सिरसाळ्यापुरता आम्हाला तो सापडला आहे: आपले कॅलेंडर. दसऱ्याच्या सुमारास धम्मचक्र प्रवर्तन दिन, मग ६ डिसेंबर, १ जानेवारी, ३ जानेवारी, १४ जानेवारीचा नामविस्तार दिन. करिअर मार्गदर्शन, फॉर्म भरणे, शिष्यवृत्तीची माहिती, नोकरीला लागलेल्यांची व्याख्याने, सगळे आपण याच दिवसांना जोडतो. आणि नेमक्या याच महिन्यांत बीड जिल्ह्यातला कोयता पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेला असतो. मुकादमाची उचल घेतलेले आईबाप फडात, थोरली पोरगी धाकट्याला सांभाळत कोपीवर. सभागृहात उरतात ते ज्यांच्या घरी पगार येतो त्यांचीच मुले. निमंत्रण सगळ्यांना असते.

पट्टा पडतो आणि टोळ्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. भीमजयंतीच्या आठवड्यात अख्खे गाव गावात असते. तेव्हा आपण काय करतो? डीजे ठरवतो. यंदा त्या आठवड्यातल्या तीन दुपारी मोकळ्या ठेवाव्यात, दुपारीच, म्हणजे बायांना आणि मुलींना येता येईल. पुण्या-मुंबईत, हैदराबादेत नोकरीला असलेले गावचे जे कोणी जयंतीला येतात त्यांनी प्रत्येकी दोन नावे घ्यावीत, त्यातले एक मुलीचे आणि एक कोयत्यावर जाणाऱ्या घरातले. त्यांचा अर्ज आपल्या हाताने तपासून द्यावा, मुलाखतीची तयारी करून घ्यावी, आणि कंपनीत रेफरन्स मागितला तर आपले नाव द्यावे. यादी आम्ही करत आहोत. फेब्रुवारीअखेर फडावर जाऊन नावे लिहून आणायला चार जण हवे आहेत.