भिंतीवरचा तक्ता

माझे वडील भिवंडीतल्या मागांच्या कारखान्यांत वायरमन. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जायचो. मेन स्विचच्या वर एक तक्ता ठोकलेला असे, 'विजेचा धक्का बसल्यास'. एक माणूस पालथा पडलेला, दुसरा गुडघ्यांवर बसून त्याची पाठ दाबतोय. सुताची तूस बसून काच आंधळी झालेली.

तो मालकाने हौसेने लावलेला नव्हता. १९५६च्या विद्युत नियमांतला ४४वा नियमच तसा होता: धक्का बसलेल्याला शुद्धीवर आणायच्या सूचना कारखान्यात ठळक जागी लावा, स्थानिक भाषेतही लावा. विजेचं काम ज्यांच्यावर सोपवलंय त्यांना त्या प्रत्यक्ष करता आल्या पाहिजेत, हेही त्याच नियमात होतं. वडिलांना ते कुणी कधी करून दाखवलं नाही.

पाठ दाबायची रीत एडिंबरोच्या शेफर यांची, १९०३ची. डेन्मार्कच्या होल्गर निल्सन यांनी १९३२मध्ये पाठ दाबण्याच्या जोडीला कोपरं उचलायची रीत आणली. दोन्हींत श्वासाचाच विचार होता. थांबलेलं हृदय तसंच राहायचं. १९६०मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या तिघांनी दाखवलं, की छातीच्या मधोमध जोराने दाबत राहिलं तर रक्त फिरतं ठेवता येतं. त्यांतले कौवेनहोवेन विजेचे इंजिनिअर. तारांवर मरणाऱ्या लाइनमनमुळे ते या कामाला लागले होते. आमच्याच धंद्यातल्या माणसांसाठी लागलेला हा शोध!

१९८३च्या पावसाळ्यात एका कारखान्यात ओल्या फरशीवर वडिलांच्या जोडीदाराला धक्का बसला. वडिलांनी मेन पाडला, त्याला पालथा घातला आणि तक्त्यात होतं तसंच दाबत राहिले, रिक्षा येईपर्यंत. जोडीदार गेला. वडिलांनी काहीही चुकवलं नव्हतं. त्यांच्यासमोरचं चित्रच तेवीस वर्षं शिळं होतं.

आता मी वडप्याच्या गोदामांत प्रथमोपचार शिकवतो. नाशिक हायवेलगत जिथे भाताची खाचरं होती तिथे गाळ्यांच्या रांगा उभ्या आहेत. १९४८च्या कारखाने अधिनियमाचं ४५वं कलम, २०२५मध्ये तो अधिनियम रद्द होईपर्यंत, दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी मागायचं, आणि ती सांभाळायला प्रमाणपत्र असलेला माणूस. गोदामांनाही मी तोच हिशेब लावतो. आधी प्रमाणपत्रावरची तारीख बघतो, कारण तीन वर्षांनी ते नव्याने घ्यावं लागतं.

गेल्या खेपेला एका सुपरवायझरने २००९चं, लॅमिनेट केलेलं, अभिमानाने पुढे केलं. करून दाखवा म्हटलं तर आधी तोंडाने दोन श्वास, मग छाती. त्याला तसंच शिकवलं होतं. मोठ्या माणसाचं हृदय थांबलं तर आधी छाती दाबायची, हा क्रम २०१०मध्ये आला. मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल. पोती उचलणारे माथाडीही पुतळ्यावर दोन मिनिटांत घामाघूम होतात, आणि दाब उथळ पडायला लागतो. तेवढ्यात मी शिट्टी वाजवतो. एक जण बाजूला होतो, दुसरा लगेच गुडघे टेकतो.