कळंब सरकारची हिऱ्यांची खाण

यवतमाळहून नागपूरच्या वाटेने वीस-बावीस किलोमीटर गेले की कळंब लागते. जमिनीच्या पातळीखाली बसलेल्या चिंतामणीच्या दर्शनास आपल्यापैकी पुष्कळजण गेलेले असतील. याच कळंबला हिऱ्यांची खाण होती असे सांगितले, तर कोणी हसेल. पण ही गोष्ट फरिश्त्याने लिहून ठेविलेली आहे. अहमदशहा बहामनीने इ. स. १४२५-२६ च्या सुमारास माहूरवर स्वारी केली आणि त्याच मोहिमेत गोंडवनाच्या अंमलातील कळंबची हिऱ्यांची खाण घेतली, असे तो म्हणतो. फरिश्ता लिहितो ते मात्र सतराव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे पावणेदोनशे वर्षांनंतर.

आता आपल्या पायांखालचा दगड काय सांगतो ते पाहू. वणीकडचा कोळशाचा पट्टा सोडला, तर आपला बहुतेक जिल्हा काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर साचून तो झाला. हिरा घडतो दीडशे किलोमीटर किंवा त्याहूनही खोल, आणि वर येतो तो एका निराळ्याच जातीच्या खडकातून. कळंबच्या शेतात विहीर कितीही खोल नेली तरी हिरा लागायचा नाही. मग फरिश्त्याची खाण कोठली?

याचा उलगडा ‘ऐने अकबरी’त होतो. अकबराने १५९६ मध्ये वऱ्हाड घेतला आणि अबुल फजलने त्याची नोंद केली. त्या वेळी कळंब हे एका ‘सरकारा’चे, म्हणजे आजच्या जिल्ह्यासारख्या विभागाचे, मुख्य ठाणे होते. हे जुने व मोठे नगर आहे, येथील म्हशी नावाजलेल्या आहेत, असे सांगून अबुल फजल लागलीच शेजारच्या गोंड जमीनदाराकडे वळतो. चांद्याच्या या राजाचे नाव तो बाबजी देतो. हजार स्वार आणि चाळीस हजार पायदळ त्याच्यापाशी आहे. हिऱ्यांची खाण असलेले वैरागड याच्याच ताब्यात असून ते त्याने थोड्याच दिवसांपूर्वी दुसऱ्या एका सरदाराकडून हिसकावून घेतले, असेही तो लिहितो. खाण वैरागडची, नोंद कळंबच्या सदरात! फरिश्त्याचीही अशीच गफलत झाली असावी, असे आम्हांस वाटते. हिरे ज्या ठाण्याच्या नावावर लिहिले गेले, त्या ठाण्यालाच लोकांनी खाण देऊन टाकली. दप्तरात असे नेहमीच घडते.

वैरागड कळंबच्या जवळजवळ थेट पूर्वेस, सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. वाटेत वर्धा आणि वैनगंगा या दोन मोठ्या नद्या लागतात. हल्ली ते गडचिरोली जिल्ह्याच्या आरमोरी तालुक्यात मोडते. द्वापरयुगात वैरोचन राजाने ते वसविले, अशी आख्यायिका आहे. आम्हांस ती पटत नाही. प्राकृतात ‘वज्रा’चे ‘वइर’ होते आणि वज्र म्हणजे हिरा. तेव्हा गावाचे नावच खाणीची साक्ष देते, हे अधिक सरळ दिसते. गाव आजही नांदते आहे. ओसाड झाली ती खाण, आणि तिच्या राखणीस असावा असा खंदकाने वेढलेला किल्ला.

येथले हिरे सातनाला नदीकाठच्या तांबूस, मुरमाड मातीत सापडत. असे काम कसे चाले, हे कृष्णाकाठच्या कोल्लूरवरून कळते. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने सतराव्या शतकात ती खाण पाहिली. पुरुष खणीत, बायका आणि मुले माती वाहून नेत. ती कुंपणातल्या हौदात भिजवून धुवावयाची, उन्हात वाळवावयाची, सुपांनी पाखडावयाची आणि मग उरलेले खडे हातांनी निवडावयाचे. कोल्लूरला साठ हजार माणसे राबत होती, असे तो म्हणतो. वैरागडचा पसारा एवढा खचितच नसेल; परंतु पाठ मोडणारे काम तेच. बाबजीचे घोडेस्वार मोजले गेले, कळंबच्या म्हशींची कीर्ती अकबराच्या दप्तरात गेली. वैरागडची माती धुणाऱ्यांपैकी एकाचेही नाव कोठे नाही.

पुढे १७२० नंतर ब्राझीलचे हिरे युरोपच्या बाजारात आले आणि हिंदुस्थानच्या मालाची मिरास गेली. १७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांनी बुडविले. यांपैकी कोणत्या घावाने वैरागड संपले, की माती धुऊन धुऊन संपली म्हणून संपले? आमचा कल शेवटल्याकडे आहे. नदीकाठच्या मुरमातला हिरा एकदा वेचला की पुन्हा पिकत नाही. इंग्रज अधिकारी चांदा जिल्ह्याची माहिती लिहू लागले, तेव्हा खाण ही मागल्या काळची गोष्ट झाली होती. कोल्लूरची गत याहून वाईट. ते पुलिचिंतला धरणाच्या पाण्याखाली गेले आहे.

अबुल फजलच्या नोंदीत आणखी दोन-चार शब्द आहेत, ते हिऱ्याच्या झगमगाटात कोणी वाचीत नाही. वैरागडास नक्षीदार कापड आणि इतर वस्त्रे होतात, असेही त्याने लिहिले आहे. ते कापड कोणत्या सुताचे, हे त्याने सांगितले नाही. आरमोरीच्या बाजूस मात्र ऐनाच्या झाडांवर टसरचे किडे पोसण्याचा धंदा आजही चालतो.