माळेतला रुपया

विलायतेत हातातल्या चांदीच्या साखळीला एकेक लटकन जोडीत जाण्याची हौस आहे. आपल्याकडे खानदेशातल्या भिल्ल बायांनी, लमाणी बायांनी माळेत ओवला तो रुपयाच. सुगी बरी झाली की एखादा रुपया बाजूला पडायचा. सोनार त्याला डाख देऊन कडी बसवायचा. राणीचा मुखवटा गळ्यात मिरवे, पण मोल होते ते चांदीचे.

१८३५ च्या कायद्याने रुपया एक तोळ्याचा ठरला. बारा भागांत अकरा भाग चांदी. टाकसाळ सर्वांना खुली. चांदी न्यावी, थोडी कसर सोसून रुपये आणावेत. १८७६-७८ च्या दुष्काळात असे कितीतरी दागिने मुंबईच्या टाकसाळीत आटले. माळ म्हणजे बाईची पेढीच म्हणा ना!

जून १८९३ मध्ये सरकारने हे दार लावून घेतले. पाठोपाठ १८९६-९७ चा दुष्काळ आला. रुपया सोळा आण्यांचाच राहिला, त्यातली चांदी मात्र दहा-अकरा आण्यांवर उतरली. आणि भोक पाडलेले, विद्रूप केलेले नाणे कायद्याने चलन नव्हे. म्हणजे गाडग्यात पुरलेल्या रुपयाचे धान्य पुरे, गळ्यातल्याचे कमी. नाणे तेच, टाकसाळ तीच! उन्हातान्हात राबून जमवलेली चांदी गळ्यातल्या गळ्यात स्वस्त झाली, आणि त्या बाईला कुणी विचारलेही नव्हते.

पुढे १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली, १९४७ मध्ये गेलीच. जुनी माळ मोडीला आली की जाणता सराफ आधी नाण्यावरचा सन वाचतो, मग तराजू उचलतो.